किल्ल्यावरची गवळण

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस कुंभारांच्या पथाऱ्यांवर जे सैन्य उभं राहतं, त्याची नीट हजेरी घेतली तर एक नाव अडतं. सिंहासनावरचे शिवाजी महाराज, ढाल-तलवारीचे मावळे, घोडेस्वार, तोफा, दारावरचे भालदार यांची किल्ल्यावर जागा ठरलेली आहे. वाघ-सिंह पायथ्याच्या रानात जातात, शेतकरी आणि वासुदेव पायथ्याच्या गावात. मग राहते डोक्यावर घडे घेतलेली गवळण. ती एकटीदुकटी नसते. पोरं तिच्या दोन-तीन मूर्ती घेतात आणि चढणीच्या वाटेवर रांगेत उभ्या करतात. लष्करी ठाण्याच्या नमुन्यात दूध-दही घेऊन निघालेल्या या बायांचं काम काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण त्या तिथे कायमच असतात. दिवाळीच्या किल्ल्याचं कूळ शोधायचं तर मावळ्यापासून सुरुवात करून फारसं हाती लागत नाही. सुरुवात या गवळणीपासून करावी, आणि तिचा माग काढायला बुलढाणा जिल्ह्यात यावं.

आधी किल्ला म्हणजे काय ते थोडक्यात. घरात, परसात, गल्लीत जे सापडेल त्यातून रचलेलं लष्करी दृश्य. आत विटांचे तुकडे आणि दगड, त्यावर चिखलाच्या राबडीत बुडवलेलं गोणपाट. गोणपाटाच्या घड्या वाळल्या की त्याच कडे-कपाऱ्या होतात. बुरुजाला पत्र्याचा डबा, तोफेला पेनाचं टोपण किंवा उदबत्तीची नळी, तटाला आगपेट्या, तळ्याला फुटका आरसा, कारंज्याला दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी, रस्त्याला रंगवलेला लाकडाचा भुसा. वरून आळीव किंवा मोहरी पेरायची, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. विकतची वस्तू एकच, ती म्हणजे मातीची चित्रं. पुणे, मुंबई, सातारा, कोल्हापूर, बेळगाव इकडे ही चाल दाट आहे, विदर्भात विरळ. ही विरळ-दाट वाटणी पुढे कामाला येईल.

युद्धाचे छोटे नमुने जगाला नवे नाहीत. इजिप्तमध्ये असियूतच्या मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात चाळीस भालाईत आणि चाळीस धनुर्धर असे लाकडी सैनिक सापडले, ते चार हजार वर्षांपूर्वीचे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी त्याचा युद्धमंत्री लुव्हा याने १६६८ पासून तटबंदीच्या शहरांचे नमुने करवायला घेतले, बहुतेक १:६०० या मापात. प्रशियात राइसविट्झ बाप-लेकांनी वाळूच्या टेबलावरून युद्धाचा खेळ घडवला आणि १८२४ मध्ये लेकाने त्याचे नियम छापले. विल्यम सिबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूचं रणांगण मोजण्यासाठी तिथल्याच एका शेतघरात आठ महिने मुक्काम केला आणि १८३८ मध्ये सुमारे पंचाहत्तर हजार धातूच्या बाहुल्यांचं रणांगण लोकांपुढे मांडलं. ही सगळी परंपरा मोजमापाची आहे. १:६०० ला माणूस तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र माणूस बुरुजाएवढा असतो आणि गवळण दरवाज्यातून आत मावत नाही. तेव्हा हे कूळ तिकडचं नव्हे, इतकं पहिल्या नजरेतच कळतं.

गवळणीच्या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: हिरकणी. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेलं तान्हं बाळ, रात्री कडा उतरून गेलेली आई आणि मग महाराजांनी तिथे बांधलेला बुरुज. कथा रायगडाची, गवळणीची आणि शिवकाळाची. शिवाय तिच्यातली रात्र कोजागिरीची सांगतात, म्हणजे दिवाळी अवघ्या पंधरवड्यावर. उत्तर इतकं नेमकं बसतं की पुढे विचारायची गरजच वाटू नये.

तरी ते पुरत नाही. हिरकणी एकटी आहे. तिच्या कथेचा सगळा जीवच त्या एकटेपणात आहे. किल्ल्यावरच्या गवळणी मात्र रांगेने जातात. हिरकणी रात्री, रिकाम्या हाताने, कड्यावरून खाली उतरते. किल्ल्यावरची गवळण भरले घडे घेऊन वाटेने वर चढते. हिरकणीसाठी मूर्ती घडवायची असती तर कुंभाराने तिच्या कडेवर किंवा पायथ्याच्या झोपडीत मूल दिलं असतं. कथा ठाऊक असलेल्या शिक्षकांनी आणि आजोबांनी आधीपासून तिथे असलेल्या गवळणीला हिरकणीचं नाव दिलं असावं, हेच जास्त पटतं. गवळण आधी आली, नाव नंतर चिकटलं.

मग ती आली कुठून?

बुलढाणा जिल्हा चार मुलखांच्या सांध्यावर आहे. दक्षिणेला देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके जालन्याला, म्हणजे मराठवाड्याला चिकटलेले. पश्चिमेला मलकापूरहून खानदेश सुरू होतो. पूर्वेला उरलेला वऱ्हाड, आणि उत्तरेला जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. या पट्ट्यात आणि लगतच्या मराठवाड्यात दिवाळीच्या सकाळी अंगणात जे घडतं त्याला म्हणतात ‘गवळणी घालणं’. वसुबारसेपासून किंवा धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत, ज्या घरचा जसा रिवाज असेल तसा, बाया आणि पोरी ताज्या शेणाच्या गवळणी घालतात. अंगण सारवून घ्यायचं, रांगोळी काढायची, आणि तिच्यात वीतभराहून लहान अशा बाया उभ्या करायच्या. चिमटीने नाक, डोक्यावर शेणाचीच घागर. सोबत कृष्ण, पेंद्या आणि गायी-वासरं. कुठे जातं आणि उखळही. भोवती शेणाचीच बुटकी भिंत, म्हणजे गोकुळाचा वाडा. वर झेंडूच्या पाकळ्या, कुरडूचे तुरे, हळद-कुंकू. कुठे यांना पांडव म्हणतात, कुठे गवळणींबरोबर पांडवही करतात. पाडव्याला पूजा होते. वाळल्या की त्यांच्या गोवऱ्याच होतात.

आता दोन्ही दृश्यं शेजारी ठेवून पाहावीत. एक तटबंदी, तिच्यात मुख्य पुरुष, त्याचे सवंगडी, जनावरं, आणि डोक्यावर घडे घेतलेल्या बायांची रांग. सामान सगळं घरचं. मुक्काम अंगणात. मुदत दिवाळीचे चार-पाच दिवस. शेणाच्या जागी चिखल आला, कृष्णाच्या जागी शिवाजी महाराज, पेंद्याच्या जागी मावळा, आणि गवळण आहे तशी राहिली. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: दिवाळीचा किल्ला हे शेणाच्या गोकुळाचं लष्करी रूप आहे, आणि गवळण ही त्या जुन्या घरातून नव्या घरात आलेली एकमेव व्यक्ती आहे, जिने नाव बदललं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गोकुळ सपाट असतं, किल्ला उंच. मग डोंगर आला कुठून? याचं उत्तर पाडव्याच्या दिवशीच दडलंय. कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा गोवर्धनपूजेचा दिवस. व्रजापासून राजस्थानपर्यंत त्या दिवशी शेणाचा गोवर्धन घालतात. नाथद्वाऱ्याला शिजवलेल्या भाताची रास रचून तोच डोंगर उभा करतात. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, याच दिवशी गायगोधन असतं: शेणाचा गोवर्धन करतात आणि गुरं त्याच्यावरून नेतात, आणि या सणाचा मान गोवारी समाजाकडे असतो. म्हणजे ज्या दिवाळीत पुण्याचा पोरगा डोंगर रचून वर राजा बसवतो, त्याच दिवाळीत भंडाऱ्याचा गोवारी डोंगर रचून त्याच्या मालकाला, गोवर्धनधारी कृष्णाला, पुजतो. संकटात सगळ्या गावाला आसरा देणारा डोंगर हीच गोवर्धनाची कथा, आणि गडाचं कामही तेच. रूप बदलायला फार लांब उडी लागत नाही.

दुसरा पक्ष शिवकाळवाद्यांचा. त्यांच्या मते किल्ला थेट महाराजांच्या काळातून आला. गड जिंकून मावळे दिवाळीला घरी येत, त्यांच्या गोष्टी ऐकून पोरं अंगणात गड रचत. बाल शिवाजीही मातीचे गड रचून खेळत, अशीही आठवण सांगितली जाते. ही मांडणी मनाला भिडते आणि तिच्यात एक खरी गोष्ट आहे: किल्ल्याला किल्ला केलं ते शिवस्मृतीनेच. पण स्मृती एक आणि रचनेचा सांगाडा वेगळा. केवळ शिवकाळाच्या स्मरणातून ही चाल निघाली असती तर तिला दिवाळीचंच बंधन का असावं? राज्याभिषेक ज्येष्ठात झाला. शिवजयंतीला मिरवणुका निघतात, पण अंगणात किल्ला होत नाही. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी महाराष्ट्रभरातून माणसं लोटतात. १५९८ मध्ये ज्या राजवाड्यात त्या जन्मल्या त्याचं भव्य प्रवेशद्वार आजही उभं आहे. पण त्या दिवशी कोणी मातीचा गड रचत नाही. किल्ला दिवाळीला होतो, कारण ज्या जागेवर तो बसला ती जागा दिवाळीची होती.

बळीचा पक्षही आहे. पाडवा बळीराजाचा, म्हणून किल्ला हे बळीचं राज्य, असं काही जण म्हणतात. बळी हा शेतकऱ्यांचा राजा, अंगणात त्याची पूजा होते, दिवस तोच. पण बळीच्या कथेत गवळण नाही. या मांडणीतून राजा सापडतो, रांग सापडत नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं की डोंगरावर सिंहासन ठेवून त्यावर राजा बसवायची कल्पना कृष्णापेक्षा बळीला जवळची आहे. कृष्ण गोकुळात सिंहासनावर बसत नाही. तेव्हा सांगाडा गोकुळाचा, गादी बळीची आणि तिच्यावरचा राजा शिवछत्रपती, असा तिहेरी संसार असायला काही हरकत नाही.

आणखी एक पक्ष छावण्यांचा. इंग्रजांच्या छावण्या पुण्यात आणि बेळगावात होत्या, गोऱ्या पोरांकडे शिशाचे सैनिक होते, त्यांचं पाहून आपल्या पोरांनी मातीचे केले, असा हा तर्क. हा टिकत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिशाचे स्वस्त सैनिक १८९३ पासून काढले, तोवर ती चैन थोड्यांचीच होती. आणि शिशाचा सैनिक रांगेत एकाच मापाचा, एकाच गणवेशाचा असतो. आपल्या पथारीवरच्या चित्रांत दोन मावळे एका उंचीचे मिळाले तर नशीब.

सगळ्यात अवघड आक्षेप गोकुळाष्टमीचा आहे. कोकणात आणि गोव्यात त्या दिवशी मातीचं गोकुळ पुजतात. वसुदेव, देवकी, पाळण्यातला कृष्ण, गोपी, गायी, सगळं मातीचं. कुंभाराकडे गवळणीचा साचा या निमित्ताने असणारच, मग दिवाळीला उरलेल्या गवळणी त्याने किल्ल्याच्या पथारीवर मांडल्या, असं का म्हणू नये? म्हणता येईल. पण श्रावणातून आश्विनात उरून येणाऱ्या मालात देवकीही आली असती, पाळणाही आला असता. किल्ल्यावर देवकी दिसत नाही. आलेल्या मंडळींत अंगणातल्या शेणाच्या गोकुळाचीच माणसं आहेत: बाया, गुराखी, जनावरं.

शेणातून मातीत ही गवळण नेमकी कशी शिरली? इथे नागपूरकडच्या बाजाराची साक्ष काढावी लागते. नागपुरात आणि तिथून पुढे छत्तीसगड-मध्य प्रदेशात दिवाळीला मातीची गवळण विकायला येते. तिकडे तिला ग्वालन किंवा ग्वालिन म्हणतात. तिच्या डोक्यावर आणि हातांवर पणत्या असतात, लक्ष्मीपूजनात ती लावतात. म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशावर दिवाळीच्या गवळणीची तीन रूपं दिसतात. पूर्वेला मातीची दिवेवाली, मध्ये बुलढाणा-मराठवाड्यात शेणाची घागरवाली, पश्चिमेला किल्ल्यावरची मातीची घडेवाली. तिन्ही एकाच सणात, तिन्हींच्या डोक्यावर काहीतरी, तिन्ही कामावर निघालेल्या. या तिघी सख्ख्या बहिणी नसतील असं मानणं जड जातं.

यापुढचा दुवा शहराचा. शेणाची गवळण घालायची तर दारात गाय हवी, निदान शेजारी हवी. पुण्याच्या वाड्यात चौक होता, माती होती, पोरांची टोळी होती. गोठे मात्र शहर वाढलं तसे गावाबाहेर गेले. शेण मिळेनासं झालं तेव्हा सणाची गवळण विकत घ्यायची वेळ आली, आणि कुंभार ती पणत्या-बोळक्यांबरोबर विकतच होता. आईने सारवायचं गोकुळ सुटलं. पोरांनी चौकाच्या कोपऱ्यात रचायचा मातीचा डोंगर उरला. विकत आणलेल्या गवळणीला उभी राहायला तोच डोंगर मिळाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवस्मरणाची लाट आली. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवउत्सव झाला, शिवाजी महाराजांची तसबीर घरोघर लागली. डोंगराच्या माथ्यावर कोणाला बसवायचं हा प्रश्न तेव्हा कायमचा सुटला असावा. ही मांडणी नकाशावरून आणि बाजारावरून जुळवलेली आहे. कागद तिच्या मदतीला येणार नाही, कारण शेण जळून गेलं आणि माती पुढच्या पावसात वाहून गेली. पण या मांडणीमुळे एक कोडं सुटतं. किल्ल्याची चाल पश्चिमेला दाट आणि विदर्भात विरळ का? कारण इथे मूळची वस्तू मेलीच नव्हती. जिथे शेणाची गवळण अंगणात उभी होती, तिथे किल्ल्याची गरज पडली नाही.

कुंभाराचं श्रेय यात मोठं आहे. साच्यातलं चित्र दोन अर्ध्यांत दाबून जोडतात. साचा एकदा घडला की पिढ्या-पिढ्या चालतो, आणि गिऱ्हाइकाने मागितलं नाही म्हणून कोणी चालता साचा फोडत नाही. परंपरा आजीच्या आठवणीपेक्षा साच्यात जास्त पक्की टिकते. प्लास्टर ऑफ पॅरिस आलं, रंग भडक झाले, महाराजांची दाढी सिनेमातल्या नटासारखी होऊ लागली, पण गवळणीचा हात घड्यावर होता तिथेच राहिला.

बुलढाण्यातून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती मातीची. इथली काळी माती किल्ल्याला अगदी कुचकामी. पाणी पिते तेव्हा फुगते, वाळताना आकसते, आणि दोन दिवसांत बुरुजाला बोटभर भेग पडते. इथे घरं बांधायची ती पांढरीची. गावठाणाची पांढरी आणि शेताची काळी हा भेद खेड्यातलं पोरही जाणतं. पांढरीत कुटार कालवायचं, चिखल तुडवून मुरवायचा, वरून शेण-मातीचा हात फिरवायचा. शेणातल्या धाग्यांमुळे भेगा पडत नाहीत. याच मालाच्या या मुलखातल्या गढ्या आहेत, देशमुख-पाटलांच्या, तीन-चार पुरुष उंच मातीच्या तटाच्या. पावसाने झिजून त्यांचे कोपरे गोल होतात, तटावर गवत उगवतं, आणि दुरून पाहिलं तर ती गढी पोरांनी केलेल्या किल्ल्यासारखीच दिसते. सह्याद्रीतला पोरगा दगडी गडाची नक्कल मातीत करतो. वऱ्हाडातल्या पोराने गढी केली तर नक्कल आणि अस्सल यांचा माल एकच असतो. सिंदखेड राजाचा काळाकोट मात्र दगडी आहे, जाड भिंतींचा. त्याचा नमुना करायला चिखल चालणार नाही, फुटक्या फरशीचे तुकडेच लागतील.

मापाचाही विचार व्हायला हवा, कारण लष्करी नमुने करणारे हौशी लोक दिवाळीच्या किल्ल्याला इथेच नापास करतात. त्यांचा रणगाडा १:३५ चा, त्यावरचा सैनिकही १:३५ चा. किल्ल्यावर महाराज सगळ्यांत मोठे, मावळे त्यांच्या निम्मे, घोडा मावळ्याच्या कमरेला आणि गवळण तटाहून उंच. याला अडाणीपणा म्हणणं चूक आहे. बुलढाणा जिल्ह्यातून ज्या डोंगररांगा जातात त्याच अजिंठ्याच्या. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी भोवतीच्या सगळ्यांहून मोठा काढलाय. माप तिथे मानाचं आहे. अंगणातल्या शेणाच्या गोकुळातही कृष्ण मोठा आणि गाय त्याच्या गुडघ्याएवढी. हे मानाचं माप किल्ल्यावर उतरलं, ही वंशाची आणखी एक खूण.

किल्ल्यावरच्या हिरवाईकडेही वंशाची खूण म्हणून पाहता येतं. आळीव पेरतात तो गवत दिसावं म्हणून, हे खरंच. पण महिन्याभरापूर्वीच नवरात्रात त्याच घरात पत्रावळीवर माती पसरून घट बसवलेला असतो आणि त्याच्या भोवती धान उगवलेलं असतं. मातीत धान्य पेरून ते सणाच्या मुदतीत उगवून आणायचं, हे ज्ञान पोराला कोणी वेगळं शिकवलेलं नाही.

आणि घट म्हटलं की बुलढाण्यात भेंडवळ येतंच. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात, चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली. गोल आखून अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, सांडोळी असे पदार्थ, करंजी म्हणजे तिजोरी, विड्याचं पान आणि सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्रभर तिकडे कोणी जात नाही. पहाटे काय हललं, काय सांडलं, काय नाहीसं झालं यावरून पाऊस-पिकाचं, रोगराईचं, परचक्राचं आणि देशाच्या संरक्षणाचं भाकीत सांगतात. त्या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, आणि अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते ते दरवर्षी ठणकावून सांगतात, ते योग्यच. पण मांडणी म्हणून तिच्याकडे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. राजा, तिजोरी, पाऊस, शत्रू, सगळं राज्य स्वयंपाकघरातल्या जिनसांत उतरवून जमिनीवर ठेवलंय. सामान घरचं, विषय राज्याचा.

धान्याने राज्य मांडायची ही युक्ती एकदा प्रत्यक्ष लढाईतही वापरली गेली होती. इसवी सन ३२ मध्ये चीनचा सम्राट ग्वांगवू पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात बंडखोरावर चालून निघाला. मुलूख अवघड म्हणून सरदार कचरत होते. तेव्हा मा युआन या सेनानीने सम्राटासमोर तांदळाच्या राशी रचून डोंगर आणि दऱ्या उभ्या केल्या, आणि फौजेने कोणत्या वाटेने जायचं ते बोटाने दाखवलं. शत्रू आता डोळ्यांपुढे आहे असं सम्राट म्हणाला, अशी नोंद त्या काळाविषयीच्या चिनी इतिहासात आहे. लष्करी भूप्रदेशाच्या नमुन्याची ही फार जुनी नोंद, आणि तिचं सामान कोठीतलं. भेंडवळचा आणि मा युआनचा काही संबंध जोडायचा नाही. पण युद्धाचा नमुना म्हणजे धातूच्या बाहुल्या आणि मोजपट्टी, हा समज त्यातून मोडतो. मूठभर धान्य आणि सारवलेली जमीन हीसुद्धा या कलेची जुनी सामग्री आहे.

अलीकडे किल्ल्यांच्या स्पर्धांनी चित्र बदललं. आता रायगड म्हणजे रायगडच हवा. बालेकिल्ला, जगदीश्वराचं देऊळ, टकमक टोक, सगळं जागच्या जागी. पोरं नकाशे पाहून थर्माकोल कापतात, ड्रोनने काढलेल्या चित्रफिती पाहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून या अचूकतेला आणखी धार आलीय. तिचं स्वागतच करायला हवं. माची आणि बालेकिल्ला यांतला फरक ज्याने हाताने रचला तो कधी विसरत नाही. या अचूकतेत पहिला बळी मात्र गवळणीचा जातो. परीक्षक विचारतात, ही इथे कशाला? आणि जिने किल्ल्याला जन्म दिला तिला पोरं खोक्यात परत टाकतात.

त्या बारांत विदर्भातला एकही किल्ला नाही. पण नमुना करावा असं रणांगण बुलढाण्यात आहे. सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला हरवून मारलं आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. गावाचं नावही त्याने फतेहखेर्डा केलं. दक्षिणेच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या राजकारणाची दिशा त्या शेतात ठरली. डोंगर नाही, कडा नाही, म्हणून किल्ला करणाऱ्यांच्या डोळ्यांत ते भरत नाही. काळ्या मातीच्या सपाट पाटावर दोन फौजा मांडायला ज्वारी आणि तूर पुरेल.

या कुळकथेतला ढिला दुवा एकच आहे, आणि तो घट्ट करायचं काम ग्रंथालयात होणार नाही. कुंभारवाड्यांत माळ्यावर पडलेले जुने साचे खाली काढून पाहायला हवेत. गवळणीचा साचा मावळ्याच्या साच्याहून जास्त झिजलेला निघाला, तर क्रम ठरला. आणि देऊळगाव राजापासून पश्चिमेला गावोगाव विचारत जायला हवं: गवळणी शेणाच्या घालता की मातीच्या आणता? भोवती भिंत करता का? भिंतीला बुरुज कधीपासून? कुठल्या तरी एका गावात एकाच अंगणात शेणाची गवळण आणि मातीचा गड शेजारी-शेजारी सापडतील. बेळगावाच्या बाजूला तर हे सोपं आहे. तिथे पोरं किल्ला करतात आणि कानडी शेजारघरी बाया दिवाळीला शेणाचे पांडव घालतात. जालना आणि पुणे यांच्या मधल्या गावांत अजून साठी-सत्तरीच्या बाया आहेत ज्यांनी लहानपणी दोन्ही पाहिलं असेल. पुढच्या वसुबारसेला कोणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे जावं.